वजनावर पारखलेला पॉवर सप्लाय

आमच्या घरातले पुरुष कुठलीही वस्तू वजनावर पसंत करतात. कुकर, इस्त्री, पंखा, कोयती, काहीही असो. आधी उजव्या हातात घ्यायची, मग डाव्या, आणि मान डोलावून म्हणायचं, "माल आहे." त्यामुळे संगणकाचा पॉवर सप्लाय घ्यायला दीर माझ्याबरोबर निघाले, तेव्हाच दुकानात काय होणार ते मला ठाऊक होतं.

दीर मुंबईला असतात. काय करता विचारलं की "आयटी" एवढंच उत्तर मिळतं. जाऊबाईंकडून कळलं की ते कंपन्यांमध्ये हजेरीची यंत्रं बसवतात. त्यात वाईट काही नाही. पण तेवढ्या भांडवलावर ते अख्ख्या महाडच्या बाजारपेठेला अडाणी समजतात.

आदल्या दिवशी संगणक जळका वास सोडून बंद पडला होता. त्यातलं माझं शाळेचं काम पुन्हा करता आलं असतं. सासूबाईंच्या लग्नाचा फोटो मात्र पुन्हा मिळणार नव्हता. कृष्णधवल फोटोत पांढऱ्या दिसणाऱ्या साडीतल्या सासूबाई आणि शेजारी कॅमेऱ्याला घाबरून ताठ उभे राहिलेले सासरे. सासरे आता नाहीत, त्यांचा तरुणपणचा तेवढा एकच फोटो. मूळ फोटो अल्बमसकट पुरात गेला. सावित्री नदीचं पाणी उतरल्यावर कपाटात नुसता लगदा सापडला. त्याआधी कधीतरी मी तो स्कॅन केला होता आणि पाणी चढताना संगणक शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेला होता, म्हणून उरला. पुरानंतर त्याची प्रिंट काढू काढू म्हणत राहून गेलं. एक प्रत पेनड्राइव्हवर दिरांना दिली होती, ती त्यांनी सिनेमे भरण्यासाठी पुसून टाकली. वर मलाच म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे आहे ना, मग टेन्शन कशाला?"

पुरानंतर इथल्या घराघरांत झालं तेच आमच्याकडे झालं. जे मोलाचं, ते माळ्यावर. सीपीयूचा डबासुद्धा पत्र्याखालच्या माळ्यावर गेला, मॉनिटर खाली टेबलावर राहिला आणि मधे लांबलचक वायरी लोंबू लागल्या. बटण दाबायला स्टुलावर चढावं लागे, म्हणून डबा दिवसभर चालूच असे. बाहेरगावच्या माणसाला हसू येईल, पण महाडात याला कोणी हसत नाही.

दिरांनी तो डबा होता तसा, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खाली उतरवला आणि आम्ही रिक्षाने दुकानात गेलो. पिशवी त्यांनीच उतरवताना चढवली असेल असं मी धरून चालले.

दुकानदाराने दोन खोकी काढली. आतले पॉवर सप्लाय दोन्ही काळे, पंखे सारखे, किमतीही जवळपास सारख्याच. एकावर साडेचारशे वॉट लिहिलेलं, दुसऱ्यावर पाचशे, आणि पाचशेच्या खोक्यावर आगीचं चित्र. पॉवर सप्लायच्या खोक्यावर आगीचं चित्र छापणाऱ्याची मला कीव आली.

"यातला चांगला कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही सेमच आहेत, ताई."

"मग दोन कशाला ठेवलेत?"

"गिऱ्हाईक मागतं."

दिरांनी दोन्ही हातांत एकेक घेऊन तोलले. "वहिनी, हा पाचशेवाला भारी आहे. मुंबईत सगळे हेच बघतात."

मी बाजूवरचा बारीक अक्षरांतला तक्ता वाचला. संगणकाचं बहुतेक काम बारा व्होल्टच्या विजेवर चालतं, आणि तिथे हा पाचशेवाला साडेचारशेवाल्यापेक्षा कमीच देत होता. उरलेली बेरीज नको तिथे फुगवलेली. मी ते दिरांना बोट ठेवून दाखवलं.

"काहीपण लिहितात हो, वहिनी."

"मग ते पाचशे कोणी लिहिलंय? तुम्ही?"

एवढ्यात दुकानदाराने आपल्या ज्ञानाची पुडी सोडली. "जुन्याने जाता जाता हार्डडिस्क नेली नसेल तर नशीब. नवा फालतू लागला, तर तोही नेईल." आत्ताच दोन्ही सेम आहेत म्हणाला होता हा माणूस! माझा जीव त्या फोटोत अडकलेला आणि हे दोघे मला अक्कल शिकवत होते. मी साडेचारशेवाला उचलून काउंटरवर आपटला आणि म्हटलं, हाच बसवा. दीर तोंड फिरवून मोबाइल बघत बसले.

दुकानदाराने पिशवी ओढली तर ती निघेना. डब्याच्या मागच्या जाळीवर ती वितळून चिकटली होती, जिथून पॉवर सप्लायची गरम हवा बाहेर पडते नेमकी तिथेच. "पिशवीत घालून चालवत होता काय?" त्याने विचारलं. मी दिरांकडे बघितलं. एवढं गाढवपण आमच्या घरात दुसरं कोण करणार?

"मी तर मुंबईत असतो, वहिनी," ते म्हणाले. त्या दिवसात ते जे बोलले, त्यातलं तेवढंच खरं होतं.

नवा पॉवर सप्लाय बसला आणि संगणक सुरू झाला. डिस्क वाचली होती. दुकानाच्या मॉनिटरवर सासरे ताठ उभे दिसले, तेव्हा मला सगळ्यांसमोर रडू आलं. तिथूनच समोरच्या स्टुडिओत जाऊन मी फोटोची मोठी प्रिंट काढली आणि फ्रेमही करून घेतली.

घरी सासूबाईंना पिशवीचं विचारलं. त्यांना जेवायलासुद्धा खाली बसवत नाही, गुडघे वाकत नाहीत.

"मीच घातली," त्या म्हणाल्या. "पाऊस लागला, की शिडी लावून जायची वर, थांबला की काढायची. तू शाळंत असायचीस. पत्रा गळतो हाय. हे भिजले असते ना गो."

मी फ्रेमवरचा कागद सोडला. दिरांनी हातोडी आणली. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. तिच्यावर हातभर जागा सोडून त्यांनी खिळा धरला.

"आजून वर," सासूबाई म्हणाल्या.

दीर स्टुलावर चढले. "आजून वर." शेवटी खिळा पार आढ्याजवळ गेला. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"आई, एवढ्या वरचा तुम्हाला दिसणार नाही," मी म्हटलं.

"नाय दिसला तर नाय. पाण्याला दिसाय नको."