राणीचं काम करणारा नवरा

माझा नवरा नाटकात राणी व्हायचा, आणि ती राणी इतकी बोलकी होती की विचारू नका. राजानं टाकलेली, रानोमाळ भटकणारी. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा बाईचं काम पुरुषच करत. धान घरात आलं की गावोगाव मंडप पडत. हा लुगडं नेसून उभा राही आणि गळा काढी, "नाथा, माझ्या मनात काय आहे हे एकदा तरी विचारलंत का?" की मंडपातल्या साऱ्या बाया पदरानं डोळे पुसत. मीही त्यांच्यातच बसलेली असे. माझे डोळे कोरडे ठणठणीत. कारण लुगडं फेडून धोतर नेसलं की हाच माणूस मुका. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि मला उद्देशून त्याचं बोलणं म्हणजे "पानी दे" आणि "बैलाईले चारा टाकला का". बाहेरगावी जायचं असलं तरी मला ते सासूबाईंकडून कळायचं.

एक दिवस मी बोचकं बांधलं आणि मूल गावाला माहेरी येऊन बसले. आठ दिवसांनी सासऱ्यांचा निरोप आला. शिमग्यापर्यंत आली त आली, नाई त तिथीच राहू द्या कायमची. माहेरी कायमचं राहायचं म्हणजे वहिनीची बोलणी खात म्हातारं व्हायचं. परत जायचं तर त्या मुक्या माणसासमोर ताट वाढत म्हातारं व्हायचं. मला दोन्ही नको होतं. मला माझ्याशी बोलणारा नवरा हवा होता, बस. एवढी साधी गोष्ट कुणाला समजेना म्हणून बाबांनी शहाणी माणसं शोधायला घेतली.

पहिले शहाणे आमच्या शाळेचे गुरुजी. मी चौथी पास झाले ती त्यांच्याच हाताखाली. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "मारते का?"

"नाई."

"पेते का?"

"नाई."

"बाहेर काही भानगड?"

"नाई जी."

"मंग तुले तरास काय आहे व?"

म्हटलं, बोलत नाहीत. गुरुजी पोट हलवून हसले. "अव, मंग त सुखी आहेस तू!" मग त्यांनी मला गृहिणीच्या कर्तव्यांवर तासभर ऐकवलं. तेवढा वेळ त्यांची बायको दारात ताकाचा लोटा घेऊन उभी होती. शहाण्याचं तिकडे लक्षही गेलं नाही.

दुसरे चांद्याचे वकील. आगगाडीनं गेलो. काळा कोट, डोळ्यांवर चष्मा, आणि प्रश्न तेच तीन, त्याच क्रमानं. नवा कायदा आला होता, काडीमोड आता कोर्टात मिळत होती, त्याची त्यांना भारी हौस. पण नवरा न बोलण्याचं कलम त्यांना काही सापडेना. पुस्तक चाळून चाळून शेवटी ते माझ्यावरच चिडले. "तुमचा नवरा निदान मारकुटा तरी पाहिजे होता बाई," म्हणाले. काय बोलावं असल्या माणसाला? येताना गाडीत बाबा म्हणाले, "शिकेल मानूस आहे, इचार करूनच बोलला असन." मी खिडकीबाहेर पाहत बसले.

आणि तिसरा! तिसरा तर सगळ्यांवर कडी. त्या नाटकात शेवटी एक ऋषी येतो आणि राजाराणीचा समेट घडवतो. ते काम मूलच्या भातगिरणीत पोती शिवणारा एक माणूस करायचा. त्याचा समेट पाहून गाव इतकं गहिवरलं होतं की बाबांना वाटलं, याच्यापेक्षा मोठा जाणकार कुठला! मी म्हटलं, बाबा, तो पोती शिवते. बाबा म्हणाले, "पन मानसं जोडते ना." अकलेची अशी दिवाळखोरी मी पुन्हा पाहिली नाही.

शिमग्याच्या चार दिवस आधी तो आमच्या ओसरीवर आला. भगवी शाल पांघरून! दाढी तेवढी लावायची राहिली होती. माझा नवरा बैलबंडी घेऊन आला होता, तो खाली मान घालून एका बाजूला बसला. मला दाराआड बसवलं. ऋषीनं हात वर केला आणि गरजला, "राजा! या निरपराध स्त्रीचा त्याग तू का केलास?"

अरे, त्याग त्यानं कुठं केला होता? सोडून मी आले होते! पण ओसरीत कुणाच्या डोक्यात तो विचार आला असेल तर शपथ. नवऱ्याला राणीची वाक्यं पाठ, राजाची कुठून येणार? सगळे वाट पाहू लागले. शेवटी ऋषी वाकला आणि त्याच्या कानाशी पुटपुटला, "म्हन, चूक झाली, घरी चाल."

"चूक झाली, घरी चाल," नवरा जमिनीकडे पाहत म्हणाला.

झालं! बाबांनी डोळे पुसले. आईनं डोळे पुसले. वहिनीनं तर माझं बोचकं सकाळीच बांधून ठेवलं होतं.

बंडी मूलच्या बाहेर पडून सागवनात शिरली. मागे मी, पुढे तो. दोन कोस गेले तरी शब्द नाही. मग माझा तोल गेला. "तिथी मंडपात त तोंड आवरत नाई तुमचं! मायाशीच काऊन दातखिळी बसते?"

त्यानं बैल थांबवले. मागे न पाहताच म्हणाला, "तिथी लिहून रायते. इथी काय बोलाचं ते मले समजतच नाई."

"मंग मी देऊ का लिहून?" मी वाकडं तोंड करून म्हटलं.

"दे," तो म्हणाला.

त्यानं चेष्टा केली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या नाटकाची वही माझ्यापुढे आणून ठेवली. शेवटच्या कोऱ्या पानावर मी रागारागानं एकच वाक्य लिहिलं. तुले इथी करमते का? चार दिवस तो गोठ्यात एकेक अक्षर लावत ते घोकत होता. मला हसू येई आणि कीवही येई.

पाचव्या दिवशी मी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होते. तो समोर येऊन उभा राहिला, एक हात छातीशी नेला आणि राणीच्या आवाजात सूर लावला.

"अवो, बाईचा आवाज कायले काढता? तुमच्या आवाजानं म्हना!"

त्यानं खाकरून घसा साफ केला. हात खाली सोडले. मग जाड्या, खरखरीत आवाजात म्हणाला, "तुले इथी करमते का व?"

तो शेवटचा, जवळिकीचा 'व' मी लिहिला नव्हता.

गुरुजींना, वकिलाला, त्या पोती शिवणाऱ्याला मनातल्या मनात मी किती सुनावलं होतं! आणि आता खुद्द नवऱ्यानं विचारलं तर माझ्याच तोंडून शब्द फुटेना. त्याचं वाक्य मी लिहिलं होतं, माझं कुठं लिहिलं होतं? तो जागचा हलला नाही. मग माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "म्हन, नाई करमत."

मी तसंच म्हटलं, आणि सूप बाजूला सारून त्याच्यासमोर हमसून हमसून रडले.