महानंदाताईंची तिबेटी खरेदी

महानंदाताई कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघत. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. पातेलं असो की शेजारणीची नवी पर्स, तळ पाहिल्याशिवाय त्या मत देत नसत. "वरचं पॉलिश नका दाखवू मला, बूड दाखवा." आता त्या मुलाकडे हैदराबादला असतात. तिथल्या दुकानदारांचं काय होत असेल ते होवो.

त्या लातुरात असताना आम्ही गल्लीतल्या काही जणी हिमाचलात धरमशालेला गेलो होतो. तिबेटी बाजारात ताईंनी पहिल्याच दिवशी काशाचा वाजणारा वाडगा उलटा करून टिचकी मारली. "आवाज लई गोड हाय, पण वरण तापवायला कामाचा न्हाई." प्रार्थनाचक्र फिरवून "बेअरिंग चांगलं हाय" असा शेराही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून गळ्यात घालताना त्यांच्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीची बिजागरी तुटली. ताई पक्क्या लिंगायत. लिंग गळ्यात बांधल्याशिवाय अन्नपाणी नाही. त्यात मधुमेह. बाजार उघडेपर्यंत त्यांना घाम फुटला होता, पण लिंग मुठीत आणि मूठ छातीशी.

मी म्हटलं, "ताई, रुमालात बांधा आणि बिस्किट खा. चक्कर येऊन पडाल."

"नाक पुसलेल्या रुमालात? डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं?"

तिबेटी लोकही गळ्यात अशीच डबी घालतात, हे आम्ही आदल्या दिवशी पाहिलं होतं. त्यामुळे कालच्या वाडग्याच्याच दुकानात गेलो. पण विकायच्या डब्या पत्र्याच्या, झाकणं ढिली. एवढ्यात ताईंना दुकानदारीणबाईंच्या गळ्यातली जुनी, भक्कम डबी दिसली. सवयीने त्यांनी हात पुढे केला आणि डबी उलटी केली.

बाईंनी झटकन ती मुठीत धरली. चेहरा उतरला होता. "ये बेचने का नहीं, दीदी. इसमें मेरा भगवान है."

ताई एकदम मागे सरकल्या. मग त्यांनी आपली मूठ उघडून दाखवली. "मेरा बी हैच ना, अम्मा. घर टूट गया उसका."

बाईंनी लिंगाकडे पाहिलं, तुटक्या डबीकडे पाहिलं. कपाटातून एक कोरं पांढरं रेशमी वस्त्र काढलं. "नया है. हम भगवान को यही चढ़ाते हैं."

ताईंनी लिंग त्यात गुंडाळलं, पण मानेमागे त्यांना गाठ बसेना. बाई जवळ आल्या आणि थांबल्या. "हाथ लगाऊँ?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी गाठ मारली, ओढून पाहिली. मी लगेच बिस्किटांचा पुडा पुढे केला. बाईंनी थर्मासमधला चहा दिला. खारट, वर लोण्याचा तवंग. मी एका घोटात हार मानली. ताईंनी पेला रिकामा केला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कसा काय प्यायलात हो?"

"चहा वाईटच व्हता," ताई म्हणाल्या. "पण तिनं हात लावायच्या आधी इचारलं. मी इचारलं व्हतं का?"