शब्दांची शेपटं

कुंभकोणमच्या एका इस्पितळात रघुनाथराव रोग्यांचं रजिस्टर लिहीत. डॉक्टरांचे लांबलचक इंग्रजी शब्द ते शेपटावरून ओळखायला शिकले होते. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे नवं तोंड पाडणं. बायको विशालाक्षी जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बाहेर सगळं बोलणं तमिळमध्ये, आणि घरात मराठी बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

१९३१ साली गंगाबाई आल्या. साठीच्या, विधवा, रघुनाथरावांसारख्याच जुन्या तंजावरी मराठी घरातल्या. अन्ननलिका इतकी आवळली होती, की पाण्याचा घोट उतरेना. सर्जननं ‘गॅस्ट्रॉस्टमी’ लिहिलं. मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला ते ‘गॅस्ट्रेक्टमी’ वाटलं, आणि त्यानं सांगून टाकलं, पोटच कापून काढणार! बाई गाठोडं उचलून निघाल्या. रघुनाथरावांनी त्यांना दारात गाठलं.

“थांबा बाई. जठर काढणार नाहींत. त्याला लहानसं तोंड पाडणार. नळीनं पेज घालतां येईल.”

आपली भाषा ऐकून बाई थबकल्या. “खरं सांगतांत काय?”

“मीच रजिस्टरांत उतरवलंय हो. शब्दाचा शेवट वेगळा आहे.”

ऑपरेशन झालं. नळीतून पेज जाऊ लागली, बाईंना जरा तरतरी आली. काम आटोपलं की रघुनाथराव त्यांच्या खाटेपाशी बसू लागले.

“आज काय जेवलांत?” बाईंनी एकदा विचारलं.

“ताकभात.”

“आणि काल?”

“ताकभातच.”

“मला आतां चव नाहीं. तुम्हांला आहे ना? मग नीट रांधून जेवा, आणि मला सांगा.”

तेव्हापासून रघुनाथराव सकाळी चूल पेटवू लागले. कधी आंबट वरण, कधी पिठलं. बाई डोळे मिटून ऐकत, मध्येच दटावत, “मेथ्या जाळल्यांत वाटतं!”

चार महिने असे गेले. मग एका सकाळी खाट रिकामी दिसली. रजिस्टरमध्ये मृत्यूच्या नोंदीपुढे रोगाचं नाव त्यांनाच लिहावं लागलं. शेवटी ‘ओमा’, म्हणजे गाठ. शब्द लिहून त्यांनी रजिस्टर मिटलं.

पुढच्या वर्षी त्यांनी घराचा पुढचा भाग कल्याणराम नावाच्या तंजावरी मराठी शाळामास्तरांना राहायला दिला. आत मास्तरांची पोरं मराठीतून भांडू लागली, की रघुनाथराव ओट्यावर भिंतीला टेकून ऐकत बसत. कुणी पोरांना गप्प केलं, तर म्हणत, “असूं द्या.”