झावळ्यांच्या रविवारनंतरचे फडे

सोमवार, झावळ्यांच्या रविवारचा दुसरा दिवस. सकाळी साडेसात, चर्चच्या आवारातल्या कडुनिंबाखाली. हजर: पाळकसाहेब, खजिनदार, झावळ्या तोडून आणणारे दोघे भाऊ, सिस्टर आणि मी. शिवाय सहा किलोमीटर चालत आलेली एक बाई. तिला आमच्यापैकी कुणी बोलावलं नव्हतं.

शाळेच्या ऑफिसात माझी नोकरी, आणि पंधरा वर्षांपासून आमच्या चर्चच्या मंडळीचं सेक्रेटरीपद. त्यामुळे चार माणसं उभी दिसली की माझी वही आपोआप उघडते. त्या सकाळीही उघडली. पण पुढे लिहायला मला काही सुचेना, कारण ती बाई फाटकावर बांधलेल्या आमच्या झावळ्या एकेक करून सोडत होती. सोडलेलं पान उन्हात धरायची, देठाजवळ बोट फिरवायची आणि बाजूला ठेवायची.

"हे पानं कोणं तोडले?" तिने विचारलं.

सगळ्यांनी दोघा भावांकडे पाहिलं. गॅरेज चालवणारे हे दोघे दरवर्षी हौसेने झावळ्या आणतात. आमच्याकडे नारळ नाही, ताड थोडा. येशूच्या स्वागताच्या मिरवणुकीला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नाल्याकाठच्या रानशिंदीची पानं वापरतो.

"मायी शिंदी व्हय ते," बाई म्हणाली. "नाल्याच्या वळणावरची. अख्ख्या गावाले मालूम हाय."

अख्ख्या गावाला ठाऊक होतं, ते आम्हाला नव्हतं. आरमोरीच्या पलीकडे जंगलाला लागून जी गावं आहेत, तिथे मोहाचं कोणतं झाड कोणत्या घराचं आणि शिंदीचं कोणतं बेट कुणाचं, हे ठरलेलं असतं. झाडावर खूण नसते, कागद नसतो. ही बाई एकटी, तिच्याकडे शेती नाही. म्हणून गावाने बैठकीत वळणावरचं बेट तिला दिलेलं. त्याच्या पानांचे ती फडे बांधते. आमच्याकडे घरोघरी अंगण झाडायला जो शिंदीचा झाडू असतो तोच हा फडा. उन्हाळ्यात शंभरेक फडे बांधून बाजारात विकायचे आणि त्यावर पावसाळाभराचं तेल-मीठ-तांदूळ भरून ठेवायचं, हा तिचा वर्षाचा हिशेब. फड्याला बाहेरची, पिकलेली पानं लागतात. मधल्या कोंबाला ती कधी विळा लावत नाही. मधला कोंब गेला की शिंदी वाढत नाही.

आम्ही मधलेच कोंब तोडले होते, आणि तिथवर हात पोचावा म्हणून बाहेरची पानं छाटून नाल्यात टाकली होती.

हे माझ्या सांगण्यावरून झालं. आदल्या वर्षी कुणीतरी कुरकुर केली होती की झावळ्या धुळकट आणि फाटक्या आहेत, म्हणून यंदाच्या कामांच्या यादीत मी स्पष्ट लिहिलं होतं: झावळ्या कोवळ्या, मधल्या, डाग नसलेल्या. यादीची चिठ्ठी भावांच्या खिशात होती. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

खजिनदारांना प्रत्येक गोष्ट लवकर संपवायची असते. "बाई, किती झाले ते सांगा. आत्ताच्या आत्ता देतो."

"पैशे फडे बांधतेत का?" ती म्हणाली. "बाजारात माया जाग्यावर मी बसली नाई त दुसरी बसते. मंग पुढच्या साली कुठी बसू? तुमच्या फाटकात?"

खजिनदारांनी पाकीट परत खिशात ठेवलं. तेवढ्यात सिस्टर कडुनिंबाच्या पारावरून उठल्या. सिस्टर म्हणजे इथल्या जुन्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे निकामी. अर्ध्या तालुक्याचा जन्म त्यांच्या हातांवर झाला, त्यामुळे ‘सिस्टर’ एवढं म्हटलं की पुरतं. त्या बाईच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्या गुडघ्यांनी जमिनीवर बसणं म्हणजे काय असतं, हे आम्हाला माहीत होतं.

"चूक आमची झाली बाई," त्या म्हणाल्या. "फडे आम्ही बांधून देऊ."

बाईने त्यांना नीट न्याहाळलं. "तुमी? हात पाहा आपले."

"या हातांनी हजार बाया बाळंत केल्या मी."

"लेकरू आपल्या आपण निंगते, सिस्टरबाई. फडा नाई निंगत."

पाळकसाहेबांना हसू आवरेना. सगळ्यात मोठ्याने सिस्टरच हसल्या, आणि मग मला म्हणाल्या, "तुझी वही घे. आपल्याला गावात जायचंय."

तासाभरात सिस्टर, दोघे भाऊ आणि मी ऑटोने गावात पोचलो, बाई आमच्यासोबत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी समाजघरापुढे खाट टाकून दिली, पण सिस्टर खाटेवर बसल्या नाहीत. काय झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. "आमच्या सणासाठी तुमच्या बाईचं झाड मोडलं. आता तिला पानं पाहिजेत. कुठून तोडू ते तुम्ही सांगा." त्यात ‘गैरसमज’ नव्हता, ‘माहीत नव्हतं’ नव्हतं. मी नोकरीत किती माफीपत्रं टाईप केली असतील. एवढं छोटं एकही नव्हतं.

म्हातारी माणसं आपसात गोंडीत बराच वेळ बोलली. मग त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क माणसाने परवानगी दिली. टेकडीमागच्या नाल्याची शिंदी कुणा एकाची नाही. तिथून दोन दिवस तोडा, बाहेरची पानं फक्त. मी लिहून घेऊ लागले तसा तो म्हणाला, "वही कायले? झाड ध्यानात नाई राहात का?"

"हिच्या नाई राहात," बाई म्हणाली. "शहरातल्या हायेत ह्या."

मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. वळणावरची तीन झाडं गेली होती. ज्याच्या सांगण्यावरून झाड जातं, त्याने गावासमोर उभं राहून, आपण सांगितलं असं बोलून, आपल्या हाताने दुसरं लावायचं. त्यांच्याकडे अशीच रीत आहे. भावांपैकी थोरला चटकन म्हणाला, "आमी लावतो बाबा."

"तुमी हात होय," म्हातारा म्हणाला. "सांगणारा कोण?"

भावांनी माझं नाव घेतलं नाही. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या माझं अक्षर पंधरा वर्षांपासून ओळखतात, आणि त्या यादीची प्रत चर्चच्या फळ्यावरही आठवडाभर लावलेली होती.

मंगळवारी आणि बुधवारी तोडणी झाली. मंडळीतून नऊ बायका आल्या, भाऊ आले, रजा टाकून मीही गेले. शिंदीच्या पानाच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, ते आधी विळ्याने सोलावे लागतात. बाई एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने खालपासून वर विळा ओढायची, काटे एका रांगेत गळून पडायचे. आमचे काटे आमच्या हातात. दुपारपर्यंत सगळ्यांचे तळवे सुजले. सिस्टरना चढ चढवेना, म्हणून त्या खाली बाईच्या अंगणात पानं पसरायचं काम करत होत्या. कोणती बाजू वर, किती वेळाने उलटायची, हे बाई सांगायची आणि त्या निमूटपणे करायच्या. एकदा चुकल्या तर बाई ओरडली, "सिस्टरबाई, हे पान का इंजेक्शन?" सिस्टर म्हणाल्या, "इंजेक्शन सोपं असते वं."

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना होती, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीची. पाळकसाहेबांनी बारा जणांचे पाय धुतले, आणि दरवर्षीप्रमाणे ते नीटनेटकं झालं. सिस्टर आल्या नव्हत्या. त्या बाईच्या अंगणातच होत्या, आणि तोडायला गेलेल्या एकेकीला बोलावून सुई उकळून तळव्यातले काटे काढत होत्या. बाईच्या हातात काटा नव्हता. पण तिच्या टाचेला जुनी भेग चिघळलेली त्यांना दिसली. तिचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी तो धुतला आणि मलमपट्टी केली. बाई म्हणत होती, "सोडा ना बाई, लाज वाटते." सिस्टर म्हणत होत्या, "हलू नको." हे मला तिथे असलेल्या बायकांनी सांगितलं. मी चर्चमध्ये हजेरी घेत होते.

खरी अडचण उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला आली. दुपारी बारा ते तीन आमची मोठी उपासना असते. येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि चौथा उद्गार कायम सिस्टरचा. तीन आठवड्यांपूर्वीच माझी यादी छापून झाली होती. पण पानं शुक्रवारीच बांधायला आली. आणखी एक दिवस उन्हात राहिली असती तर कडक होऊन मोडली असती. सकाळी मी गावात जाऊन सिस्टरना म्हटलं, "तेवढ्या दहा मिनिटांसाठी चला. ऑटो थांबवून ठेवलाय."

त्यांच्या मांडीवर अर्धवट बांधलेला फडा होता. "दहा मिनिटांत तीन फडे होतात," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी कुणाला घालू नको. रिकामी राहू दे."

मला ते पटलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत रिकामी जागा मी कधी ठेवलेली नाही. तरी पाळकसाहेबांना निरोप दिला. त्यांनी तिसरा उद्गार झाल्यावर घड्याळ पाहिलं आणि दहा मिनिटं खुर्चीत शांत बसले. मंडळीही बसली. पंखे बंद होते, कारण वीज गेली होती. सिस्टर कुठे आहेत आणि काय करताहेत, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पंधरा वर्षांत मी कितीतरी चांगली प्रवचनं ऐकली. त्यातलं त्या दहा मिनिटांइतकं काही माझ्या लक्षात नाही.

तीन वाजता उपासना संपली आणि कुणी काही न ठरवता बायका ऑटोंकडे निघाल्या. उत्तम शुक्रवार, म्हणून सगळ्या पांढऱ्या साड्यांत. आम्हा अकरा जणींना अंगणात शिरताना पाहून बाईने हातातलं पान खाली ठेवलं.

"कोण मेलं?"

"आमचा प्रभू," एक जण म्हणाली.

"अरे देवा. मंग इथी काऊन आल्या? घरी बसा."

"तिसऱ्या दिवशी उठतो तो," सिस्टर पानाच्या पात्या विंचरून मोकळ्या करता करता म्हणाल्या.

बाईने क्षणभर विचार केला. "तंवर फडे होतेत," ती म्हणाली आणि सगळ्यांना बसायला सांगितलं.

मंडळीतल्या एकीने घरी निघताना माझ्या कानात विचारलं, हिला आपलं एखादं पुस्तक द्यायचं का. मी तो प्रश्न सिस्टरकडे ढकलला. त्या म्हणाल्या, "तिनं फडे मागितले. आपण फडे देऊ." त्या बाईचे देव, तिची रीत, यांबद्दल सिस्टर त्या आठवड्यात एकदाही वेडंवाकडं बोलल्या नाहीत. उलट पहिला फडा बाईने आपल्या रीतीने दाराशी ठेवून हात जोडले, तेव्हा सिस्टर हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या.

शनिवारी दुपारपर्यंत अठ्ठ्याऐंशी फडे झाले. मी बांधलेले सहा बाईने उकलले. "हा फडा नाई, हे पाखराचं घर," म्हणाली, आणि ते तिने स्वतः परत बांधले. पुढच्या बाजारात ती आपल्या जागेवर बसली. दोन बाजारांत माल संपला. पावसाळ्यापुरतं सामान तिच्या घरात भरलं गेलं, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. ते काम झालं.

झाडांचं राहिलं. शिंदीची फळं पिकली तेव्हा सिस्टरनी बिया धुऊन, सुकवून एका कापडी पिशवीत भरल्या आणि एका रविवारी माझ्या हातात दिल्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "माती मऊ झाली की लावायच्या." भावांनी वळणावर तीन खड्डे आधीच खणून ठेवलेत. गावातली माणसं बाईला अजून म्हणतात, ते दोघे आंधळे होते. बाईही तसंच म्हणते. बाजारात भेटली की भावांना टोमणा मारते आणि माझी मात्र मायेने चौकशी करते. मी दरवेळी घाईत असल्याचं सांगून निघते.

आता माती मऊ होऊन महिना झाला. पिशवी माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात आहे. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि त्या गावची बस साडेबाराला सुटते. तीन बिया लावायला पाच मिनिटं लागतील. त्याआधी म्हाताऱ्या माणसांसमोर उभं राहून बाईच्या तोंडावर सांगायचं आहे की कोंब तोडायला मी लिहिलं होतं. चार शनिवार गेले. मी अजून गेलेले नाही.