कुंपणाजवळचा कडुलिंब

मुलांनो, तुमच्याकडे परदेशात झाड तोडायला शिकलेला, परवाना असलेला माणूस दोर आणि हेल्मेट घेऊन येतो, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. आमच्या जळगावात परवानगी झाडासाठी लागते. तोडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

आपल्या कुंपणाजवळचा कडुलिंब आतून पोकळ झाला आहे आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीकडे कलला आहे. त्या खोलीत एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन राहते. नवरा रावेरला केळीच्या ट्रकवर असतो. मी महापालिकेत रीतसर अर्ज केला. हरकतींसाठी खोडावर नोटीस लागली, साहेब पाहून गेले, नवी झाडं लावीन असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि परवानगी आली. वाटलं, सुटले.

करवत घेऊन आलेला माणूस खोडाशी जाऊन थबकला. रस्त्याच्या बाजूला शेंदूर लावलेला दगड होता.

"अक्का, आठे देव शे. मी हात लावत नही."

"भाऊ, तो देव नाही. लोक कुंपणाशी लघवीला उभे राहायचे, म्हणून आमच्या ह्यांनी नदीतला दगड आणून रंगवला."

तो हसला. "आबासनी दगड ठेवा व्हई. पन देव काय सोताहून येस का?"

करवत खांद्यावर टाकून तो गेला. धुळ्याहून दुसरा बोलावला. त्याने दगडापुढे नारळ फोडला, प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि निघून गेला. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, आम्ही झाडाचं बघतो. देवाचं आमच्याकडे येत नाही."

शेवटी दगड मीच हलवायला निघाले, तर शेजारीणच आडवी आली. ती तिथे रोज उदबत्ती लावते.

"काकू, त्याच्यामुळेच तर झाड उभं आहे. तुम्ही उचलाल आणि माझ्याच डोक्यावर पडेल."

तिला पोकळ खोड दाखवलं, साहेबांचा शेरा वाचून दाखवला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

परवानगीची मुदत आता संपत आली आहे. काल दुपारी जोराचा वारा सुटला, पत्रे वाजू लागले. मी कुंपणापाशी जाऊन तिला बाहेर ये म्हणून हाक मारली.

"पोळ्या व्हायच्यात, काकू. बाळाला घ्या हवं तर."

तिने बाळ कुंपणावरून माझ्या हातात दिलं आणि ती परत आत गेली. मी त्याला घेऊन आपल्या ओट्यावर उभी राहिले. वारा पडेपर्यंत तिच्या लाटण्याचा आवाज येत होता.