दगडावरचे श्रीमुख संवत्सर

आमच्या घरात तीन साले एकाच वेळी चालत. लग्ने व सणवार शके पंचांगावर, नरडाण्याच्या व्यापाऱ्यांशी बोलणे दिवाळीला बदलणाऱ्या विक्रम संवतावर, आणि मी शाळेत शिकवत असे तो इसवी सन. कोणते कुठे वापरायचे हे सर्वांना ठाऊक होते.

गल्लत झाली ती महादेवाच्या देवळात. दाराशेजारच्या दगडावर कोरीव ओळ होती. दरवर्षीच्या चुन्यामुळे तिच्यातला ११३५ हा आकडा तेवढा वाचता येई. देऊळ एका व्यापाऱ्याने बांधले अशी गावात समजूत. व्यापाऱ्याचे साल विक्रम, म्हणून माझ्या थोरल्या भावाने, आबांनी, सत्तावन्न वजा करून इसवी सन १०७८ काढला. नदीपलीकडच्या गावचे देऊळ त्यानंतर शंभरेक वर्षांनी बांधले असे मानतात. आबांची मुलगी त्याच गावी दिलेली. व्याह्यांना आबा ही गोष्ट आयुष्यभर ऐकवत आले.

गेल्या महाशिवरात्रीस त्या सनाचा फलक आबांच्या हस्ते लावायचे ठरले. त्यासाठी चुना खरवडला, तेव्हा आकड्यापुढे ‘श्रीमुख’ हे संवत्सराचे नाव निघाले. संवत्सरांची नावे साठ. ती क्रमाने फिरतात, म्हणून आकडा नावाशी ताडून पाहता येतो. विक्रम धरून नाव जुळेना. शके धरताच जुळले. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे असतात. सन आला १२१३.

सांगणे मलाच भाग होते.

“आबा, फलकवरनं साल चुकेल शे. देऊळ एकशे पस्तीस वरीस धाकलं शे.”

“मंग नदीपारनं मोठं?”

“हो.”

आबांना आधी आठवले ते याही, म्हणजे व्याही; त्यांनी पानाचा डबा बाजूला सारला. “आते याही मले सुखे जेवू देतीन का? कशावरथीन सांगस तू?”

“दगडवर श्रीमुख नाव निंघनं.”

जन्माचे संवत्सर साठ वर्षांनी परत येते, म्हणून षष्टिपूर्ती करतात. आबांच्या षष्टिपूर्तीस पुरोहिताने संकल्पात हेच नाव उच्चारले होते. आई त्यांचे जन्मसाल याच नावाने सांगे.

“मनं साल?”

“तुमनंच.”

“मंग पुसा तो सन. याहीले मीच सांगसू.”

पेंटरने सन पुसला आणि दगडावर होते तेच लिहिले: ११३५, श्रीमुख संवत्सर. आकड्याच्या आधी ‘शके’ हा शब्द माझ्या सांगण्यावरून घातला.

महाशिवरात्रीस व्याही आले. फलकापुढे उभे राहून त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला व हसले.

“काय आबा, धाकला व्हयी ग्यात ना?”

“धाकला व्हयनू. पन देऊळ नि मी एकच नावना सालना,” आबा म्हणाले. “तुमना देऊळना सालनं नाव काय शे?”

पलीकडच्या दगडावर नुसता आकडा आहे. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. आकड्यावरून नाव काढता आले असते, पण मी पंगतीची पाने मांडू लागलो. आबांनी त्यांचा हात धरला आणि फराळाच्या पंगतीत त्यांना आपल्या शेजारी बसवले.