चालू मशीनची पूजा

मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात मी स्टोअर्सला क्लार्क होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नेमकं साल सांगत नाही, सांगून काय करायचंय? आमच्या खोलीत दोनच बायका, मी आणि ताई. ताई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला. गोदामातल्या प्रत्येक मालाचं एक कार्ड असायचं आणि ती सगळी कार्डं त्यांच्या हातची. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, हे कार्ड न काढता सांगायच्या.

मग खोलीत कॉम्प्युटर आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आजच्यासारखी चित्रं नाहीत, माऊस नाही. हुकूम टाइप करायचा. एक अक्षर चुकलं तरी टुक्क करून ढिम्म बसायचा. साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, कार्डं ह्यात चढवा, दिवाळीनंतर इथे एकच खुर्ची राहील, जिला हे जमेल तिची. दुसरी पॅकिंगला जाईल. पॅकिंगला म्हणजे पट्ट्यासमोर आठ तास उभं राहून खोक्यांत बाटल्या भरायच्या. ताईंचे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते.

शिकवायला आलेला माणूस आठवडाभरात निघून गेला. तोही बोलायचा माझ्याशीच, ताईंकडे बघायचासुद्धा नाही. मग त्यांना मी शिकवलं, तेही उपकार केल्यासारखं, खेकसत. "अहो ताई, किती वेळा सांगायचं? आधी एफ-दहा, मग वाय, मग एंटर!" एंटरच्या आधी त्यांचं बोट हवेतच थांबायचं. "मेल्याक कितीदा सांगू गो!" असं मशीनवर करवादायच्या आणि मग दाबायच्या. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागच जास्त यायचा.

पण बाई चिवट. मी भराभर टाइप करायचे आणि माती खायचे. त्या एकेक कार्ड तीनदा ताडून बघायच्या. महिन्याभराने तो शिकवणारा तपासायला आला आणि साहेबांना म्हणाला, मोठ्या बाईंच्या कामात चूक सापडत नाही. मी दारातच उभी होते. माझं धाबं दणाणलं. वडील घरी बसलेले, पाठची दोन भावंडं शाळेत, आणि माझ्या एकटीच्या पगारावर घाटकोपरचं घर. पॅकिंगची माणसं तेव्हा कधीही कमी करायचे.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशिनांची पूजा असायची. मशीन पुसून बंद करायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि मग दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी ताईंनी सकाळची कार्डं चढवून झाल्यावर ती मुख्य यादीत मिसळायचा हुकूम दिला. त्याला मशीन पाऊण तास घ्यायचं, तेवढा वेळ पडद्यावर 'प्लीज वेट' लुकलुकत राहायचं. कॉपी काढून ठेवायची पद्धत आमच्याकडे अजून सुरूच झाली नव्हती. "आरती यायला वेळ आहे, तोवर होईल," म्हणून ताई पडद्यावर काय येतंय ते न बघताच फुलं आणायला कॅन्टीनकडे गेल्या.

आरती लवकर आली. ताट घेऊन फोरमन, मागे पंधरा-वीस माणसं, सगळी आमच्या दारात. "अगं, बंद कर की ते! चालू मशीनची पूजा करतात का कुठे?" मी पडद्याकडे बघितलं. प्लीज वेट. वाचलं, नीट वाचलं, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. सगळे बघत होते म्हणून घाईत केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. मनात काळं होतं का? होतं बहुतेक.

ताई धापा टाकत आल्या तेव्हा मशीनला कुंकू लागलं होतं. "झालेला ना गो पुरा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, झालं होतं."

दसऱ्यानंतर मशीन लावलं तर यादीच उघडेना. महिन्याभराचं काम पाण्यात. इंजिनिअर आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, काम अर्धवट तुटलंय, ऑपरेटरची चूक दिसते. त्या हुकमावर ऑपरेटर म्हणून नंबर ताईंचा होता. साहेब सगळ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. ताई खाली मान घालून नुसतं "मी दाबलेला सगळा, साहेब" म्हणत राहिल्या. मी शेजारी फाईल चाळत बसले होते. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. दिवाळीनंतर खुर्ची मला मिळाली.

पुढे चार-पाच महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या आमच्या खोलीच्या दाराशी आल्या. पॅकिंगची निळी टोपी डोक्यावर, पाय सुजलेले. मी उठून खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

"एक विचारू गो? खरा सांग. त्या दिवशी माझा काय दाबायचा राहिला? रोज आठवून बघते. एफ-दहा दाबलंय, वाय दाबलंय. झोपच लागत नाय."

तेव्हा तरी सांगायचं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"एंटर," मी म्हटलं. "एंटर राहिला असेल, ताई. मीही तेव्हा पडदा नीट वाचला नव्हता. तुम्ही बोट नुसतंच धरून ठेवायच्या ना."

त्यांचा चेहरा सैल झाला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "बरा झाला सांगितलंस गो बाय. दुसरी कोण असती तर सांगितला नसता."